पातेऱ्यातलं कोण कुणाला खातं? कोकणातल्या रानात स्थिर समस्थानिकांचा पहिला प्रकल्प

बिबट्या काय खातो हे त्याच्या विष्ठेतल्या केसांवरून सांगता येतं. गांडुळाचं पोट फाडलं तर त्यात निघते माती. त्या मातीतलं नेमकं काय गांडुळाच्या अंगी लागलं, पान की बुरशी की कुजकी मुळी, हे सूक्ष्मदर्शकाखाली कितीही बघितलं तरी कळत नाही. स्प्रिंगटेल (मातीतले बिनपंखी, उड्या मारणारे बारीक जीव) आणि माइट (कोळ्यांच्या गोत्रातले बारीक जीव) यांची तर लांबीच एखाद-दोन मिलिमीटर, त्यातल्या बऱ्याच जणांचं अन्न पातळच असतं. त्यामुळे रानातल्या जमिनीखालचं अन्नजाळं बराच काळ अंदाजानेच रेखाटलं जायचं. कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याचे वजनाने हलके-जड अणू) ही अडचण पुष्कळशी सोडवली, कारण ती पोटात काय आहे ते सांगत नाहीत, अंगात काय मुरलं ते सांगतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्र शिकणाऱ्या आणि पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे. नव्या माणसाचं सगळं लक्ष आणि सगळे पैसे जनावरांवर जातात. निकाल मात्र उभा राहतो पातेऱ्यावर, म्हणजे झाडांखाली साचलेल्या पाल्यापाचोळ्यावर. पातेऱ्याचे आणि मातीचे नमुने नीट घेतले नसतील, तर घोणीचा (मोठ्या शिकारी गोमेचा) आकडा कितीही अचूक आला तरी तो नुसता आकडाच राहतो.

आधी एवढं समजून घ्या

निसर्गातल्या कार्बनपैकी जवळजवळ ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि सुमारे १.१ टक्का कार्बन-१३. नायट्रोजनमध्ये जड नायट्रोजन-१५ फक्त ०.३७ टक्क्याच्या आसपास. दोन्ही स्थिर, म्हणजे किरणोत्सर्ग नाही, घाबरायचं कारण नाही. एका नमुन्यापासून दुसऱ्या नमुन्यापर्यंत या प्रमाणात होणारा फरक इतका बारीक असतो की टक्क्यांत तो दिसतच नाही. म्हणून तो 'दर हजारी' मोजतात, चिन्ह ‰. नमुन्यातलं जड-हलक्याचं गुणोत्तर घ्यायचं, ठरलेल्या मानकाच्या गुणोत्तराने भागायचं, त्यातून एक वजा करायचा आणि हजाराने गुणायचं. येतो तो डेल्टा. कार्बनचं मानक म्हणजे बेलेम्नाइट या समुद्री प्राण्याच्या जीवाश्मावरून ठरलेलं 'व्हिएन्ना पीडी बेलेम्नाइट', नायट्रोजनचं मानक साधी हवा. कार्बनचा डेल्टा उणे आला म्हणून दचकू नका. झाडाझुडपांचा तो उणेच असतो.

खाणारा प्राणी मलमूत्रावाटे हलका नायट्रोजन थोडा जास्त टाकतो, जड अंगात उरतो. म्हणून अन्नसाखळीतली एक पायरी वर गेलं की नायट्रोजनचा डेल्टा साधारण ३.४ ‰ वाढतो. १९७८ आणि १९८१ साली डिनिरो आणि एपस्टाइन यांनी माहीत असलेलं अन्न खाऊ घालून प्राण्यांवर हे मोजलं, आणि १९८४ मध्ये मिनागावा आणि वाडा यांच्या कामातून ३.४ हा सरासरी आकडा रूढ झाला. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा. प्रत्यक्षात पायरी २ चीही असते, ४ चीही. कार्बनचा डेल्टा पायरीमागे फार तर अर्धा-एक ‰ सरकतो, म्हणून तो पातळी सांगण्यापेक्षा अन्न कुठून आलं ते सांगायला जास्त कामाचा.

जमिनीत मात्र एक भानगड आहे, तळ्यातल्या माशांवरच्या पुस्तकांतून ती कळत नाही. पातेऱ्यातल्या बहुतेक जनावरांचा कार्बनचा डेल्टा पातेऱ्यापेक्षा २ ते ४ ‰ वरच निघतो, अगदी पान खाणाऱ्यांचासुद्धा. पानातलं लिग्निन हलक्या कार्बनचं असतं आणि ते फारसं कुणाला पचत नाही. पचतो तो सेल्युलोज-साखरेचा भाग, आणि त्यावर आधीच बुरशी-जिवाणूंचा हात फिरलेला असतो. त्यामुळे 'पैशाचा (पैसा म्हणजे वाणी, मिलिपीड) कार्बन पानाशी जुळत नाही, म्हणजे तो पान खात नाही' असा निष्कर्ष काढलात तर फसलात.

सी-३ आणि सी-४: कोकणाला मिळालेलं आयतं भांडवल

झाडं, भात, काजू, आंबा यांचं प्रकाशसंश्लेषण सी-३ पद्धतीचं. त्यांचा कार्बनचा डेल्टा उणे २७-२८ च्या आसपास असतो. दाट रानात, सावलीत वाढलेल्या पानांचा उणे ३० च्याही खाली जातो. नाचणी, वरी, मका, ऊस आणि सड्यावरची बरीच गवतं सी-४ पद्धतीची. त्यांचा डेल्टा उणे १२-१३ च्या आसपास. या दोहोंत पंधरा ‰ चं अंतर, आणि यंत्राची चूक ०.१-०.२ ‰ ची. एवढी मोठी नैसर्गिक खूण युरोपातल्या बीच-ओकच्या रानात काम करणाऱ्यांना मुद्दाम मक्याचा पाला टाकून तयार करावी लागते. आपल्याकडे जांभ्याचा सडा आणि त्याच्या उताराला चिकटलेली देवराई यांच्यात कधी कधी शंभर पावलांचंही अंतर नसतं.

मग काय काय विचारता येतं? सड्याच्या कडेच्या मुंग्या रानातून खाऊन येतात की गवतातून? वरकस जमिनीत नाचणी करणं सोडून दिलेल्या, आता ऐन-किंजळ उगवलेल्या जागी हुमणी अजून जुना सी-४ कार्बन खाते का? रानात चरायला सोडलेल्या गुरांच्या शेणावर किती जनावरं जगतात? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे गुरं सड्यावरचं गवत खातात, म्हणजे सी-४, आणि उन्हाळ्यात गोठ्यात भाताचा पेंढा, म्हणजे सी-३. तेच गुरू, पण ऑक्टोबरातलं शेण आणि एप्रिलमधलं शेण कार्बनने वेगळं. शेणकिड्यांवर काम करायचं तर शेणाचा नमुना त्याच आठवड्यातला हवा.

जागा निवडताना

पहिल्या प्रकल्पाला एकच प्रश्न घ्या आणि दोन जागा. उदाहरणार्थ देवराई आणि शेजारची काजूची बाग. दहा ठिकाणांहून दोन-दोन नमुने आणण्यापेक्षा दोन ठिकाणांहून नीट काम केलेलं बरं.

जागा बघताना तिथे नायट्रोजन बाहेरून आला आहे का याची चौकशी आधी करा. हे मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही. शेणखत घातलेल्या जमिनीचा नायट्रोजनचा डेल्टा चढतो, कारण शेणातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्याचा डेल्टा शून्याच्या आसपास. माड-पोफळीच्या बागांत मासळीचं खत घालायची रीत आहे, आणि समुद्रातल्या मासळीचा डेल्टा १० च्या वर सहज जातो. अशा वाडीतल्या गांडुळाचा आकडा रानातल्या घोणीएवढा आला, तर गांडूळ शिकारी झालं असं होत नाही, मासळी जमिनीतून त्याच्यापर्यंत पोचली एवढंच. राब भाजलेल्या जागाही टाळा. तिथे पालापाचोळा, शेण, कवळं जळून राख झालेली असते आणि वरचा थर रानातल्यासारखा राहिलेला नसतो. सामाजिक वनीकरणातून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आसपास असेल तर तिची पानं वेगळी गोळा करा. ती मुळांच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन धरते, म्हणून तिचा पातेरा बाकीच्या झाडांपेक्षा वेगळा बोलतो.

परवानगी, आणि गाऱ्हाणं

फणसाड किंवा कर्नाळा अशा अभयारण्यात काम असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव वनात वनविभागाची. अर्ज वेळेत करा, कागद फिरायला महिने लागतात. नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो, त्याची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून पहिला प्रकल्प देशातच करा.

देवराईचं प्रकरण वेगळं. मालकी कुणाची ते सातबाऱ्यावर बघा, पण सातबारा बघून भागत नाही. गुरव, मानकरी, देवस्थानची मंडळी यांना आधी भेटा. बऱ्याच राईंतून पान-काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक असतो, आणि तुम्ही तर थेट माती न्यायला आलेले. "झिला, माती कित्याक व्हयी तुका?" हा प्रश्न ठरलेला. त्याला उत्तर शास्त्रीय परिभाषेत देऊ नका. "काका, ह्या मातयेत कोण कोणाक खाता ता बघूचा आसा" एवढं पुरतं. बहुधा गुरव देवाला गाऱ्हाणं घालतात, मग आत जायला मिळतं. चपला बाहेर. नाही म्हणाले तर नाही. दुसरी जागा शोधायची, पुढाऱ्याचा फोन लावायचा नाही.

कधी जायचं

मार्च ते मे जमीन वाळते, गांडुळं खोल जाऊन गुंडाळी करून पडतात, पातेऱ्यात हाताला फारसं काही लागत नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर दोन-तीन आठवड्यांनी सगळं वर येतं. जुलैमधल्या मुसळधार पावसात पाण्याने भरलेली जमीन खणण्यात अर्थ नाही. माझ्या मते नवख्या माणसासाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा सगळ्यात चांगला काळ: ओल आहे, पाऊस सुटत आलेला आहे, रस्ते चालू आहेत. शिवाय जनावराच्या अंगातला कार्बन-नायट्रोजन बदलायला काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबरात पकडलेल्या घोणीच्या अंगी पावसाळ्यातलं खाणं आहे, आदल्या रात्रीचं नाही.

अंगभर कपडे, जाड हातमोजे, गमबूट. दगड उचलताना तो आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली कुणी असेल तर मध्ये दगड राहतो. जांभ्याच्या दगडांखाली फुरसं आणि लाल विंचू दोन्ही असतात. विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवून दिला तो महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, पण म्हणून बिनधास्त हात घालू नका. चिखलात काम केल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना 'रानात माती खणत होतो' हे स्पष्ट सांगा. लेप्टो कोकणात दर पावसाळ्यात असतोच.

रानातलं काम: आधी पातेरा

जागेवर पोचल्यावर पहिल्यांदा जनावर उचलायचं नाही. २५ सेंटिमीटर लांब-रुंद लोखंडी किंवा लाकडी चौकट पातेऱ्यावर ठेवा. जागेत किमान पाच ठिकाणी, एकमेकांपासून दहा-वीस मीटरवर. प्रत्येक चौकटीत वरून खाली असे थर वेगळे पिशव्यांत भरा: यंदा गळलेली, अजून ओळखू येणारी पानं, त्याखालची अर्धी कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या दोऱ्यांनी चिकटलेली, मग मातीचे ० ते ५ आणि ५ ते १० सेंटिमीटर थर.

हे थर वेगळे ठेवणं कंटाळवाणं आहे, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. खाली जावं तसे कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींचे डेल्टा चढत जातात. ताज्या पानापासून दहा सेंटिमीटर खोल मातीपर्यंत नायट्रोजनचा फरक एका अख्ख्या अन्नपायरीपेक्षाही मोठा असू शकतो. मग वरच्या पातेऱ्यात राहणारं गांडूळ आणि मातीत खोल राहणारं गांडूळ यांचे आकडे वेगळे येतात, आणि खालचं एक पायरी वर आहे असं वाटतं. ते वर नसतं. ते नुसती जुनी माती खातं. थरांचे आकडे हाताशी असतील तरच हे ओळखता येतं.

पानं ओळखून पिशवीवर लिहा: ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, जे असेल ते. सड्याजवळ असाल तर गवत. कुजकं लाकूड, झाडावरचं शेवाळ, दगडफूल, अळंबी दिसली तर तीही घ्या. दगडफूल आणि शैवाल खाणाऱ्या स्प्रिंगटेलांचा नायट्रोजन पातेऱ्यापेक्षाही खाली येऊ शकतो. दगडफुलाचा नमुना नसेल तर तो आकडा चुकीचा आलाय असं समजून तुम्ही फेकून द्याल.

आता जनावरं

मोठी जनावरं हाताने वेचायची. चौकटीतला पातेरा पांढऱ्या ट्रेमध्ये झटका, माती फोडून बघा. पैसा (काही गावांत वाणी), गोम आणि घोण, गोगलगाय, गांडूळ, वाळवी, मुंग्या, भुंगेरे, हुमणी, कोळी, पावसाळ्यात रानातले छोटे खेकडेसुद्धा. शिकारी जनावरं वेगळ्या डब्यांत ठेवा. घोण आणि कोळी एका डब्यात घातलेत तर घरी पोचेपर्यंत एकच नमुना उरतो.

बारीक जनावरांसाठी बर्लीज-टुलग्रेन गाळणी: चाळणीवर पातेरा, वर बल्ब, खाली नरसाळं आणि बाटली. पातेरा वरून सुकत जातो, जनावरं ओल शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. एलईडी दिवा चालत नाही, उष्णताच लागते. जुना तारेचा ४० वॉटचा बल्ब शोधून ठेवा, हल्ली तो सहजी मिळत नाही. पाच ते सात दिवस लावा. मध्ये लाईट जाणार हे गृहीत धरा, त्यासाठी एखादा दिवस वाढवा, पण पातेरा एकदम भाजून काढू नका. जनावरं जागीच मरतात.

खालच्या बाटलीत काय ठेवायचं? फॉर्मालिन नको, त्याचा कार्बन जनावरात शिरून बसतो. ७० टक्के अल्कोहोल चालतं, पण ते चरबी थोडी विरघळवतं आणि कार्बनचा डेल्टा जरासा हलवतो. म्हणून सगळी बारीक जनावरं एकाच पद्धतीने ठेवा, अर्धी अल्कोहोलात आणि अर्धी गोठवलेली असं नको. आपल्याकडचं अल्कोहोल बऱ्याचदा उसाच्या मळीपासून बनतं, म्हणजे सी-४ कार्बनचं. नमुना पूर्ण वाळला नाही तर ते तुमच्या आकड्यात डोकावेल.

मोठी जनावरं थेट गोठवणं उत्तम. गावात डीप फ्रीझर नसेल तर मासळी बाजारातला बर्फ आणि थर्माकोलचा खोका हा कोकणातला हमखास उपाय आहे. पण नमुने दोन-दोन घट्ट झिपच्या पिशव्यांत भरा. त्या बर्फाच्या पाण्यात बांगड्याचा रस असतो, आणि त्यातला समुद्राचा नायट्रोजन तुमच्या पैशाच्या अंगाला लागला तर तो थेट शिकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेल.

टेबलावर: काय काढायचं, काय टाकायचं

इथे घाई नको. नियम असा की पोटातलं अन्न बाहेर आणि अंग आत.

गांडूळ चोवीस तास ओल्या गाळणी कागदावर ठेवलं की बरीच माती टाकतं, पण सगळी टाकत नाही. कात्रीने शेपटीकडून उभं चिरा, आतड्याची काळपट नळी चिमट्याने अलगद सोलून काढा, भित्तीचा तुकडा डिस्टिल्ड पाण्यात दोनदा हलवा. तुकडा फिकट गुलाबी, जवळजवळ पारदर्शक दिसला पाहिजे. अजून करड्या रेषा दिसत असतील तर ती माती आहे, पुन्हा धुवा. मुंगीचं पोट काढून टाका, त्यात दुसऱ्यांना भरवायचं अन्न साठवलेलं असतं. डोकं, छाती आणि पाय पुरतात. घोणीचे तीन-चार पाय तोडले तरी काम भागतं, बाकीचं शरीर ओळख पटवायला जपता येतं.

पैसा, गोगलगाय, खेकडा यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि त्याचा कार्बन अन्नातून आलेल्या कार्बनहून वेगळा. दोन मार्ग आहेत: आतला मऊ भाग काढा, किंवा पूड करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट घालवा. दुसरा मार्ग धरलात तर नमुन्याचे दोन भाग करा. आम्ल लावलेल्यावर फक्त कार्बन मोजा, न लावलेल्यावर नायट्रोजन, कारण आम्लाने नायट्रोजनचा आकडा हलू शकतो. मातीला आम्ल लावावं का? जांभ्याची माती आम्लधर्मी, सामू ७ च्या खाली, त्यात मोकळं कार्बोनेट जवळजवळ नसतंच, गरज नाही. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या मातीत मात्र शिंपल्यांचा चुरा असतो, तिथे लागतं.

वाळवीबद्दल एक खास सूचना. कोकणातल्या वारुळांत बहुधा बुरशीची शेती करणारी वाळवी असते. कामकरी, सैनिक आणि बुरशीचं स्पंजासारखं पोळं असे तिन्ही नमुने वेगवेगळे घ्या. सैनिक स्वतः चरत नाही, कामकरी त्याला भरवतात, तेव्हा दोघांना एकत्र वाटून टाकलंत तर मिळेल ती सरासरी कुणाचीच नसेल.

मग ६० अंशांवर ४८ तास वाळवा आणि लगेच सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. कोकणात ओव्हनमधून काढलेला नमुना टेबलावर तासभर ठेवला की तो पुन्हा ओला. मातीचे आणि पातेऱ्याचे नमुने खलात किंवा बॉल मिलमध्ये पीठ होईपर्यंत दळा.

डबीत किती भरायचं

यंत्राला नमुना कथलाच्या छोट्या डबीत द्यायचा असतो. वजन ठरवताना नायट्रोजनचा विचार करा. साधारण ५० मायक्रोग्रॅम नायट्रोजन हवा असं धरू. कीटकाच्या कोरड्या अंगात सुमारे १० टक्के नायट्रोजन, म्हणून अर्धा मिलिग्रॅम पुरतं. पातेऱ्यात साधारण १ टक्का, म्हणून ५ मिलिग्रॅम. मातीत ०.२ टक्के असेल तर २५ मिलिग्रॅम. एका स्प्रिंगटेलचं कोरडं वजन काही मायक्रोग्रॅम ते काही दशक मायक्रोग्रॅम, म्हणून एकाच जातीचे, एकाच चौकटीतले वीस-तीस मिळून एक डबी. वेगवेगळ्या जाती एका डबीत टाकू नका. स्प्रिंगटेलांमध्येच शैवाल चरणारे, बुरशी खाणारे आणि इतरांची अंडी-किडे फस्त करणारे आहेत. 'स्प्रिंगटेल' नावाचा एकच बिंदू काढून काही कळत नाही.

डबी हाताने धरायची नाही, दोन चिमट्यांनी. पंखा बंद. पूड घालून झाली की तोंड चिमटा, घडी घाला, पुन्हा घडी घाला, मग कडा दाबत गोळी करा. झालेली गोळी काळ्या कागदावर दोन सेंटिमीटरवरून टाकून बघा. कागदावर धूळ पडली तर गळतेय, फेका आणि नवी करा.

प्रयोगशाळा गाठायची तर अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याकडे अशी यंत्रं आहेत. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा जवळ. आधी गाइडमार्फत पत्र पाठवा, त्यांना किती वजन हवं, ट्रे कसा भरायचा ते विचारा आणि तसंच करा. तिथे डबी सुमारे १००० अंशांवर क्षणात जळते, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन वायू वेगळे होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर जड-हलके रेणू मोजतो. निकालासोबत मानकांचे आकडे आणि कार्बन-नायट्रोजनची टक्केवारी मागून घ्या. कीटकात नायट्रोजन ३ टक्के दाखवत असेल तर डबीत माती गेलीय.

आकडे आले, आता

समजा (हे आकडे फक्त समजावण्यासाठी) पातेऱ्याचा नायट्रोजन ०.५, पैशाचा २.३, घोणीचा ६.१. पैसा पातेऱ्याच्या १.८ वर, एक पायरीही पुरी नाही: पातेरा खाणारा. घोण पैशाच्या ३.८ वर, एक पायरी. म्हणून घोणीने पैसाच खाल्ला का? तसं म्हणता येत नाही. तेवढ्याच आकड्याचं दुसरं कोणतंही भक्ष्य चालेल. समस्थानिकं पातळी सांगतात, ताट दाखवत नाहीत. भक्ष्य नेमकं हवं असेल तर पोटातल्या डीएनएची तपासणी करावी लागते, तो वेगळा खर्च.

कुणाचाही कच्चा आकडा दुसऱ्या जागेच्या कच्च्या आकड्याशी भिडवू नका. आधी प्रत्येक जनावरातून त्याच जागेच्या पातेऱ्याचा आकडा वजा करा, मग तुलना.

नाचणीचा प्रयोग करायचा असेल तर रानात दोन चौकटी आखा. एकीतला पातेरा काढून त्या जागी वाळलेला नाचणीचा पेंढा जाळीखाली घाला, दुसरी तशीच ठेवा. पावसाळा संपता संपता दोन्हींतून एकाच जातीचं जनावर घ्या. समजा साध्या चौकटीत त्याचा कार्बन उणे २६.५, पेंढ्याच्या चौकटीत उणे २१.५. फरक ५. पातेरा उणे २९ आणि पेंढा उणे १२, अंतर १७. पाच भागिले सतरा, म्हणजे अंगातला साधारण २९ टक्के कार्बन नाचणीतून आला. साध्या चौकटीतलं जनावर तुलनेला घेतल्यामुळे मघाच्या त्या २ ते ४ ‰ च्या भानगडीची आपोआप वजाबाकी होते. दोनपेक्षा जास्त अन्नस्रोत असतील तर 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतली सिमर किंवा मिक्सएसआयएआर ही पॅकेजं वापरा, पण स्रोतांचे आकडे एकमेकांजवळ असतील तर पॅकेजसुद्धा अंदाजच देतं, फक्त तो आलेखात छान दिसतो. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी अमिनो आम्लांच्या समस्थानिकांकडे बघावं. ग्लुटामिक आम्लाचा नायट्रोजन पायरीपायरीने चढतो, फिनाइलअलानिनचा जवळजवळ तसाच राहतो, म्हणून जनावरातच त्याचा पाया सापडतो. महाग आहे, पीएचडीसाठी ठेवा.

साठ डब्यांएवढेच पैसे असतील तर माझी वाटणी अशी: दोन जागा धरून वीस डब्या पातेरा, माती, लाकूड, दगडफूल यांना, तीस डब्या सहा-सात जातींच्या जनावरांना, प्रत्येकी निदान दोन-तीन वेगवेगळ्या चौकटींतून, पाच डब्या त्याच पुडीच्या दुबार मोजणीला, आणि पाच रिकाम्या हातात ठेवा, कारण पहिला आलेख काढल्यावर एखादा बिंदू अशा जागी पडलेला असतो की तो पुन्हा मोजल्याशिवाय झोप येत नाही. त्यासाठी उरलेली पूड टाकू नका. जागा, तारीख, थर आणि जात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत घाला. बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलाच्या एका थेंबाने जातं.